शाळेचा गणवेश बदलताना : खान्देशातल्या शाळांसाठी कामाचा क्रम

गणवेशावरून शाळेत वाद पेटतो तेव्हा वरवर विषय रंगाचा असतो. खरा राग असतो तो कोणी ठरवलं, कधी सांगितलं आणि पैसे कोण देणार याचा. पालकसभेत मागच्या रांगेतून "मंग पैसा कोन देई?" हा प्रश्न हमखास येतो. त्याचं उत्तर तयार नसेल, तर निळा की मरून यावर मतं मागवण्यात अर्थ नाही. म्हणून आधी अधिकार आणि पैसा, मग वेळापत्रक, मग कापड, आणि रंग सगळ्यात शेवटी.

अधिकार आणि पैसा

जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 21 प्रमाणे तिच्यात किमान पाऊण सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. कागदावर ही समिती असतेच. सभेला त्या महिला खरोखर बसतात की सही घ्यायला रजिस्टर घरी जातं, ते आधी बघा. घरी फिरवून सह्या घेतलेला ठराव पहिल्याच तक्रारीत उघडा पडतो.

सरकारी शाळेत समग्र शिक्षा योजनेतून एका गणवेशाला 300 रुपये, म्हणजे दोन जोडांचे 600 रुपये मिळतात. धोरणाने मात्र इथे कोलांट्या उड्या मारल्या आहेत. 2023 मध्ये 'एक राज्य एक गणवेश' जाहीर झालं. 2024-25 ला कापड राज्यपातळीवर घेऊन शिलाई महिला बचत गटांकडे दिली, आणि कित्येक शाळांत स्वातंत्र्यदिन उलटला तरी गणवेश आले नव्हते. आले त्यातलेही बरेच मापात बसेनात. त्यानंतर 2025-26 पासून खरेदीचं काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे आलं. त्यामुळे काहीही ठरवण्याआधी केंद्रप्रमुखांकडून चालू वर्षाचं परिपत्रक मागून घ्या आणि ते सभेत मोठ्याने वाचा. मागच्या वर्षीच्या आठवणीवर चालू नका.

300 रुपयांत काय बसतं ते फळ्यावर मांडून दाखवलेलं बरं. समजा शर्टाचं कापड 80 रुपये मीटर आणि पँटचं 150. चौथीच्या मुलाला 36 इंच पन्ह्याचं (रुंदीचं) शर्टाचं कापड साधारण 1.4 मीटर लागतं, म्हणजे 112 रुपये. हाफ पँटला 58 इंच पन्ह्याचं 0.6 मीटर, म्हणजे 90. कापडाचे झाले 202. शिलाई, दोरा, बटणं सगळं उरलेल्या 98 मध्ये. आठवीच्या मुलाला शर्टाला 1.9 मीटर आणि फुल पँटला 1.1 मीटर धरा : 152 आणि 165, म्हणजे नुसतं कापडच 317. चौथीपर्यंतची शाळा कशीबशी निभावते, आठवीपर्यंतची अडकते. सगळ्यांचं कापड एकत्र घेतलं तर भाव थोडा खाली येतो आणि लहान वर्गांत हात जरा मोकळा राहतो. तुमच्या गावचे भाव घालून हा हिशेब पुन्हा करा. त्यात टाय, जाकीट किंवा खास चौकडीचं कापड बसत नाही हे आकड्यांवरूनच दिसतं, कोणाला विरोध करायची गरज उरत नाही.

आश्रमशाळांचं वेगळं आहे. त्या आदिवासी विकास विभागाकडे आहेत, त्यामुळे नंदुरबार, तळोदा, धुळे किंवा यावल, जे प्रकल्प कार्यालय लागू असेल तिथूनच बदल होतो. तिथे मागणी करताना उबदार कपड्यांचा मुद्दा पुढे ठेवा. धडगाव, तोरणमाळच्या बाजूची डिसेंबरातली पहाट पातळ सुती शर्टात निघत नाही.

वेळ कधी साधायची

बदलाची चर्चा एप्रिलमध्ये काढली की ती फसलीच म्हणून समजा. तेव्हा परीक्षा असतात, मग आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरवाशिणी आलेल्या असतात, आणि लग्नसराईत शिंपी शाळेकडे बघतही नाही. त्यात जून म्हणजे कपाशीचं बियाणं आणि खतं घ्यायचा महिना. शेतकऱ्याच्या घरात त्या वेळी पैसा बाहेर जात असतो. कापूस विकून हातात पैसा येतो तो दिवाळीच्या आगेमागे आणि नंतर.

त्यामुळे डिसेंबरात चर्चा, जानेवारीत ठराव, 26 जानेवारीला पालक जमलेले असताना जाहीर वाचन, फेब्रुवारीत कापडाचे नमुने आणि चाचण्या, मार्चमध्ये मापं, असा क्रम धरा. शहादा-तळोद्याकडून किंवा साक्रीच्या पश्चिमेकडून ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दिवाळीनंतर गावात नसतात. त्यांचं मत हवं असेल तर ती गाव सोडण्याआधी एक छोटी बैठक घ्या. सभा आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवू नका. निंदणी-वेचणीला जाणाऱ्या बायका संध्याकाळी सहानंतरच येऊ शकतात.

कापड

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 च्या आसपास जातो आणि शाळा उघडते तेव्हाही उकाडा सरलेला नसतो. दुकानदार पॉलिस्टर पुढे करतो, कारण ते स्वस्त, रंग न सोडणारं आणि इस्त्री न मागणारं. पण घाम त्यात जिरत नाही आणि पत्र्याच्या वर्गात मूल दिवसभर चिकट होऊन बसतं. निव्वळ सुती कापड सोसतं, पण ते आटतं, विटतं आणि चुरगळतं. शर्टाला सुताचा वाटा निम्मा किंवा त्याहून जास्त, आणि पँट-स्कर्टला पॉलिस्टर-व्हिस्कोस, हा इथल्या हवेला मानवणारा मध्यम मार्ग.

व्यापाऱ्याने सांगितलेला सुताचा वाटा खरा मानू नका. कडेचे चार-पाच धागे काढून चिमट्यात धरून जाळा. सुताची मऊ राख होते आणि कागद जळल्यासारखा वास येतो; पॉलिस्टर वितळून कडक काळा मणी बनतो. मिश्र कापडात दोन्ही दिसतं, पण मणी मोठा आणि राख नावाला असेल तर समजून जा.

मग आटण्याची चाचणी. कापडावर 50 सेंटिमीटरचा चौकोन पक्क्या शाईने आखा, कापड तीन वेळा धुऊन वाळवा, पुन्हा मोजा. 48.5 भरलं तर 3 टक्के आटलं. 5 टक्के आटणाऱ्या कापडाची 36 इंची पँट पहिल्या काही धुण्यांत पावणेदोन इंच वर जाते, आणि पालक शिंपणीला शिव्या देतात. असं कापड घ्यावंच लागलं तर कापण्याआधी अख्खं ठाण रात्रभर पाण्यात भिजवून सावलीत वाळवा. ही पायरी घाईत वगळली जाते आणि सर्वाधिक तक्रारी नेमक्या तिथूनच येतात.

रंगासाठी ओल्या पांढऱ्या फडक्याने दहा वेळा घासून बघा. शिवाय नमुन्याचा अर्धा भाग पुठ्ठ्याखाली झाकून आठवडाभर गच्चीवर उन्हात ठेवा. दोन भागांत फरक दिसला तर तो रंग दिवाळीपर्यंत टिकणार नाही. पांढरा शर्ट इथे टाळावा. काळ्या मातीचे डाग आणि बोअरचं जड पाणी मिळून दोन महिन्यांत तो मळकट पिवळा होतो. फार गडद रंग उन्हात तापतो. फिकट निळा, फिकट करडा असे मधले रंग बरे.

कापड जळगावच्या फुले मार्केटमधून घ्या, मालेगावहून आणा की सुरतेहून, पण एकाच लॉटचं घ्या. दोन लॉटमधला फरक दुकानाच्या दिव्यात दिसत नाही. प्रार्थनेच्या रांगेत उन्हात दिसतो. गरजेपेक्षा पाच टक्के जास्त घ्या, जूननंतरचे प्रवेश आणि फाटकं जोडायला ते लागतं.

माप आणि शिलाई

मापं वर्गशिक्षकाने अंदाजाने लिहू नयेत. वयावरून नंबर टाकले की दहा-बारा वर्षांच्या मुलींची मापं हमखास चुकतात, कारण त्याच वयात त्या झपाट्याने वाढतात. प्रत्येकाची उंची, छाती, खांदा, बाही, कंबर टेपने घ्या. मुलींची मापं बाईंनीच घ्यायची, तीही वेगळ्या खोलीत. शर्टाला छातीच्या गोल मापावर 4 इंच सैलपणा धरा. प्राथमिकच्या वयात मूल वर्षाला 5-6 सेंटिमीटर वाढतं, म्हणून पँट, सलवार आणि कुर्त्याच्या खाली 2 इंच, बाजूच्या शिवणीला 1 इंच माया (आत दुमडलेलं जास्तीचं कापड) सोडायला सांगा. लहान मुलांच्या कमरेला मागच्या अर्ध्या भागात इलास्टिक असलं की चेन-हुकाची कटकटही कमी होते. दोरा पॉलिस्टरचा असू द्या; सुती दोरा कापडाआधी तुटतो.

120 मुलांचे दोन-दोन जोड म्हणजे 240. घरच्या मशीनवर सराईत बाई दिवसाला तीन जोड काढते असं धरलं तर 80 दिवसांचं काम होतं. चौघींत वाटलं तर 20 दिवस, काजे-बटणं वेगळी. बचत गटाला काम द्यायचं तर हा हिशेब त्यांच्यासमोरच करा आणि प्रत्येक नंबरचा एक नमुना जोड आधी शिवून घ्या. तो मुलाला घालून उठायला, बसायला, हात वर करायला लावा. काखेत ताण येत असेल तर तो तिथेच कळतो. उरलेली शिलाई त्यानंतर सुरू करा.

मुलींचा गणवेश

हा प्रश्न पुरुषांनी भरलेल्या सभेत सोडवायचा नसतो. पाचवीच्या पुढच्या मुलींना बिननावाच्या चिठ्ठीवर विचारा : स्कर्ट, सलवार की पँट, खिसा हवा का, सायकलवर काय अडकतं. खालचा भाग गडद ठेवायचं कारण त्यांना समजावून सांगावं लागत नाही. खिसा मात्र प्रत्येक चिठ्ठीत मागितलेला असतो आणि शिवताना तोच पहिला गाळला जातो.

मुलामुलींना एकच पोशाख हा विषय निघाला तर केरळचा अनुभव कामाला येतो. एर्नाकुलम जिल्ह्यातल्या वलयनचिरंगराच्या प्राथमिक शाळेने 2018 मध्ये ठरवून मुलामुलींना सारखेच शर्ट आणि तीन-चतुर्थांश पँट दिली, फारसा गाजावाजा न होता. कोझिकोडजवळ बालुश्शेरीत 2021 च्या डिसेंबरात शर्ट-पँट आली तेव्हा मात्र काही संघटना रस्त्यावर उतरल्या. पुढे सरकारने सक्ती नसल्याचं सांगितलं. इथेही पर्याय म्हणून ठेवलं तर ते चालतं.

धार्मिक खुणांचा मुद्दा

तो निघणार हे गृहीत धरून आधीच बोला. कर्नाटकातल्या हिजाबबंदीच्या खटल्यात ऑक्टोबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही, आणि प्रकरण मोठ्या पीठाकडे नेण्यासाठी सरन्यायाधीशांपुढे ठेवलं गेलं. 'कोर्टाने सांगितलंय' असं दोन्ही बाजूंनी ठासून म्हटलं जातं, ते अर्धवट असतं. शाळेने आपला नियम एका वाक्यात लिहावा आणि तो ओढणी-हिजाब, पगडी, माळ, टिळा, मनगटाचा दोरा या सगळ्यांना सारखाच लावावा. डोकं झाकायचंच असेल तर गणवेशाच्या रंगाचं कापड, हा पुष्कळ ठिकाणी चालणारा तोडगा आहे.

ठराव कसा लिहायचा

पालकांना 'नवा गणवेश आवडला का' असं विचारू नका. एका कुटुंबाला एक चिठ्ठी द्या, तिच्यावर दोन-तीन पर्याय, प्रत्येकापुढे एका जोडाचा खर्च आणि 'बदल नको' हाही पर्याय छापा. चिठ्ठ्या सभेतच मोजा. ठरावात सूचक, अनुमोदक, हजेरी आणि बाजूने-विरोधात किती, हे आकडे हवेत. मसुदा साधारण असा :

"येत्या जूनपासून इयत्ता पहिली व पाचवीचे विद्यार्थी नवा गणवेश वापरतील. इतर वर्गांत पुढील दोन शैक्षणिक वर्षे जुना व नवा दोन्ही गणवेश चालतील. गणवेश नाही या कारणाने कोणत्याही विद्यार्थ्यास वर्गाबाहेर ठेवले जाणार नाही."

दोन वर्षांची ही सवलत घातली की निम्मा विरोध तिथेच विरतो, कारण धाकट्या भावाला थोरल्याचे कपडे घालता येतात. शेवटचं वाक्यही काढू नका. गणवेशावरून मुलाला उन्हात उभं करणं किंवा सगळ्यांसमोर बोलणं हा शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 खाली मानसिक त्रास ठरू शकतो.

विनाअनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती नसते, शिक्षक-पालक संघ असतो. तिथली खरी मेख दुकानाची असते. शाळेसाठी खास विणलेली चौकडी आणि कापडात विणलेलं बोधचिन्ह आलं की माल एकाच दुकानात मिळतो. त्यावर उपाय म्हणून सूचना फलकावर कापडाचं मिश्रण, मिलचा शेड (रंगछटेचा) नंबर आणि नमुन्याचा तुकडा लावायला सांगा, आणि बोधचिन्हाचा बिल्ला सुटा विकायला सांगा. साधा एकरंगी शर्ट मग चोपड्यात घ्या की अमळनेरात.

पालकांची हरकत असेल तर

अर्ज आधी मुख्याध्यापकांच्या नावे द्या, दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. रंग आवडत नाही असं लिहू नका. किती दिवस आधी कळवलं, किती खर्च येतो, जुना किती वर्षं चालणार, दुकानाची सक्ती आहे का, एवढंच लिहा. पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर तोच अर्ज पोचेच्या प्रतीसह गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, आणि मग जिल्हा परिषदेत प्राथमिक किंवा माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे. सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर माहिती अधिकारात ठरावाची, हजेरीच्या पानाची आणि कापड खरेदीच्या बिलांची प्रत मागा. त्याला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो आणि उत्तराची मुदत 30 दिवसांची असते. हजेरीच्या पानावरच्या सह्या आणि त्या दिवशी गावात असलेले पालक जुळतात का, ते आधी तपासा.