पणजोबांचा माग काढताना या चुका टाळा

"कोतवाल बुकात (गावातल्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीत) आमच्या पणजोबांचं नावच नाही" असं म्हणून लोक तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममधून हात हलवत परत येतात. बहुतेक वेळा नाव असतं, पण शोध आडनावानं घेतलेला असतो. जुन्या नोंदीत आडनाव बहुधा नसतंच. 'राणू वलद तुका' किंवा 'राणू बिन तुका' एवढंच असतं, म्हणजे तुकाचा मुलगा राणू. बाईच्या नावापुढे 'कोम' आणि नवऱ्याचं नाव. जन्माच्या नोंदीत तर बाळाचं नावही बहुधा मिळत नाही, कारण ती बारशाआधी झालेली. 'तुकास मुलगा' एवढ्यावर ती संपते. म्हणून आधी बापाचं नाव आणि गाव पक्कं करा.

नातवाला आजोबांचं नाव ठेवायची आपली रीत फार घोटाळे करते. आमच्या घरात तुका, राणू, पुन्हा तुका, पुन्हा राणू. मी दोन्ही राणू एकच धरले आणि मधल्या दोन पिढ्या वंशावळीतून गळाल्या. आत्या म्हणाली, "अरे, प्लेगात गेले ते थोरले राणू. आपले राणू त्यांचे पणतू की नातू, ते नीट बघ." पुन्हा कागद काढले तेव्हा नातू निघाले. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आधी विचारा; कचेरी उद्याही उघडी असेल.

सनाचं गणित चुकलं तर सगळंच चुकतं. आपल्याकडचा फसली सन, म्हणजे जुन्या महसुली कागदांतलं वर्ष, मृगाच्या सुमारास सुरू होतो. त्यात 590 मिळवायचे, जानेवारीपासून मृगापर्यंतची नोंद असेल तर 591. फसली 1310 म्हणजे 1900-01. शकात 78 मिळवा, शकवर्षाच्या अखेरीच्या महिन्यांत (जानेवारीपासून चैत्रापर्यंत) 79. मृत्यूच्या नोंदीतलं वय अंदाजानं सांगितलेलं असतं, त्यावरून जन्मसाल ठरवू नका.

सातबाऱ्यावर नाव नाही म्हणजे जमीन नव्हती, असंही नाही. थोरल्या भावाच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' दिसलं तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. धाकटे भाऊ त्याच्यामागे असतात. सातबाऱ्यावर वर्तुळात लिहिलेला फेरफार क्रमांक घ्या आणि तो फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाची नोंद, काढा. वारसाच्या फेरफारात मयताची मुलं, बायको, कधी लग्न झालेल्या मुलीसुद्धा सापडतात. मला तरी एवढा बोलका कागद दुसरा मिळाला नाही.

जिल्हाही तपासा. वाळवा, तासगाव 1949 पर्यंत साताऱ्यात होते. पुढे दक्षिण सातारा, आणि 1960 पासून सांगली.

मोडी कागद अंदाजानं वाचू नका. त्यात शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचाही भरवसा नाही. जाणकाराकडून अक्षर न् अक्षर उतरवून घ्या. आणि कृपा करून जुना कागद लॅमिनेट करू नका, तो पुन्हा मोकळा होत नाही. फोटो काढा, सुती कापडात गुंडाळून ठेवा.

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे, म्हणजे यात्रेकरूंच्या वह्या ठेवणाऱ्या तिथल्या पुरोहितांकडे, मात्र आडनाव आणि मूळ गाव दोन्ही सांगा. त्यांच्या वह्यांत यात्रेला आलेल्या माणसानं स्वतःच्या हातानं सोबत कोण कोण आलं ते लिहिलेलं असू शकतं.