स्टर्नड्राइव्ह घरघरतोय? बेअरिंग मागवण्याआधी हे बघा

स्पीडबोटीचा स्टर्नड्राइव्ह, म्हणजे बोटीच्या मागे बाहेर बसणारा आणि आतल्या इंजिनाची ताकद पंख्याला (प्रॉपेलरला) पोचवणारा ड्राइव्ह, आवाज करायला लागला की मांडव्याच्या जेट्टीवर उभा असलेला प्रत्येक जण डॉक्टर होतो. कोणी म्हणतं ग्रीस मार, कोणी म्हणतं जाड ऑइल टाक, आणि जरा जाणकार असेल तो म्हणतो, गिंबल बेअरिंग गेलं, बदल. गिंबल बेअरिंग म्हणजे इंजिनाकडून ड्राइव्हमध्ये जाणाऱ्या शाफ्टला आधार देणारं बेअरिंग. हा शेवटचा सल्ला निदान अर्धा तरी बरोबर असतो. पण जुनं बेअरिंग कशाने गेलं हे न शोधता नवीन ठोकलं, तर तेही पुढच्या सीझनला तसंच घरघरणार. बेअरिंग आपणहून क्वचितच मरतं. त्याला मारणारे दोघे: फाटलेला बेलोज (त्या शाफ्टभोवतीचा, पाणी बाहेर ठेवणारा घड्यांचा रबरी नळा), नाहीतर रेषेतून हललेलं इंजिन.

खाली मर्क्रूझर कंपनीचा अल्फा वन ड्राइव्ह धरून लिहिलंय. त्यांचाच ब्राव्हो आणि व्होल्वो पेंटाचे ड्राइव्ह आतून वेगळे आहेत, पण आवाज ओळखायची रीत तीच.

आधी आवाज ओळखा

हे काम पाण्यात, शांत समुद्रात करायचं. इंजिन न्यूट्रलला ठेवून ऐका. इथे एक गोष्ट माहीत हवी. अल्फाचा क्लच खाली, पंख्याच्या शाफ्टवर असतो, त्यामुळे न्यूट्रललाही क्रॉस (शाफ्टला वळू देणारा युनिव्हर्सल जॉइंट), वरचे गिअर आणि उभा शाफ्ट फिरतच असतात. ब्राव्होचा क्लच वरच्या भागात असतो, त्यामुळे न्यूट्रलला त्याचा खालचा भाग गप्प असतो. हे न कळता "न्यूट्रलला आवाज येतो, म्हणजे इंजिनच" असं म्हणणारे पुष्कळ भेटतात.

मग गिअर टाकून हळू चाला. स्टीअरिंग सरळ असताना कमी आणि डावी-उजवीकडे पूर्ण वळवल्यावर वाढणारी, जात्यासारखी घरघर आली तर गिंबल बेअरिंग. वळताना ठराविक तालात टकटक किंवा खडखड आली तर क्रॉस. वळलं काय, सरळ गेलं काय, फरक नाही आणि वेगाबरोबर चढत जाणारी शीळ ऐकू आली तर गिअर. इंजिनाचे आरपीएम चढतात पण बोट पळत नाही, हा दुखण्याचा वेगळाच प्रकार: पंख्याचा रबरी हब किंवा इंजिनामागचा कपलर (इंजिन आणि ड्राइव्हचा शाफ्ट जोडणारा भाग) सुटलाय. ब्राव्होवाल्यांनी आयडलला येणाऱ्या हलक्या खडखडीने घाबरू नये. ती त्याची सवयच आहे.

जमिनीवर ऐकायचं असेल तर पंखा आधी काढा, फ्लशिंग मफ (ड्राइव्हच्या पाणी ओढायच्या भोकांवर बसणारे, नळीला जोडलेले रबरी कप) लावून पाणी चालू करा आणि मगच स्टार्टर मारा. अल्फाचा पाण्याचा पंप ड्राइव्हमध्येच असतो, सुका चालला तर रबरी इंपेलर बघता बघता जळतो. आरपीएम १,५००च्या वर नेऊ नका. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक गिंबल हाउसिंगला (बेअरिंग ज्यात बसतं त्या भागाला) आणि मूठ कानाला लावली की स्टेथोस्कोपचं काम होतं. मात्र जमिनीवर गिअरवर भार नसतो, त्यामुळे गिअरची शीळ इथे लपून राहू शकते.

ऑइल

ड्राइव्हचा खालचा बोल्ट काढा, गिअर ऑइल भांड्यात घ्या. दुधासारखं असेल तर सीलमधून पाणी शिरलंय. अशा वेळी पंख्यामागे अडकलेला तंगूस आधी शोधा, तो सील कापतो. चुंबकाच्या बोल्टवर करडी मळी असणं साहजिक आहे, पण बोटाला टोचणारी कपची सापडली तर गिअरबॉक्स उघडावाच लागेल. भरताना ऑइल नेहमी खालून वर, पंपाने, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. वरून ओतणाऱ्याच्या गिअरबॉक्समध्ये हवा अडकून राहते.

ड्राइव्ह उतरवणं

गिअर फॉरवर्डला, ट्रिम सिलिंडरच्या (ड्राइव्ह वर-खाली करणाऱ्या) मागच्या पिना काढा, सहा नट सोडा, सरळ मागे ओढा. वजन एका माणसाचं नाही.

आता बेअरिंगच्या आतल्या कड्यात बोट घालून फिरवा. चांगलं बेअरिंग गुळगुळीत फिरतं. गेलेलं बोटाला वाळूसारखं करकरतं. क्रॉस हाताने चारही बाजूंना वाकवा. कुठे अडला किंवा सैल लागला की बदला. मग बेलोजच्या आत बघा. गंजाचं पाणी किंवा तांबडी मळी दिसली तर खुनी सापडला. आपल्याकडच्या पाण्यात बेलोजच्या घड्यांमध्ये बाहेरून शिंपले धरतात आणि ड्राइव्ह वळला की त्यांच्या धारेने रबर कापलं जातं. त्या भोकातून आलेलं पाणी आधी बेअरिंग खातं, नंतर बोटीत शिरतं. बोट बुडायलाही एवढं भोक पुरतं. म्हणून दर दोन-तीन वर्षांनी बेलोज बदला, वरून कितीही ठणठणीत दिसो. आणि पावसाळ्यात बोट वर काढली की ड्राइव्ह पूर्ण खाली सोडून ठेवा. वर उचलून महिनोन्महिने ठेवलेल्या बेलोजच्या घड्या तिथेच मोडतात.

नवं बेअरिंग आणि अलाइनमेंट

सगळं खरं काम इथे आहे. ही पायरी हातात बसायला मला बराच काळ लागला आणि याच पायरीला लोक टांग मारतात.

जुनं बेअरिंग स्लाइड हॅमरच्या पुलरने ओढा, छिन्नीने फोडत बसू नका. नवं बेअरिंग बाहेरच्या गोल कड्यात तिरकं हलू शकतं, म्हणूनच ते इथे चालतं. नंबर जुळवून बाजारातून साधं बॉल बेअरिंग आणायची हुशारी नको. बेअरिंगवर बाहेरून बसणाऱ्या, एका जागी कापलेल्या कड्याची (टॉलरन्स रिंगची) फट बेअरिंगच्या ग्रीसच्या भोकासमोर आली पाहिजे, नाहीतर उजवीकडच्या निप्पलमधून कितीही ग्रीस मारा, आत जाणार नाही. सीलबंद बेअरिंग असेल तर हा प्रश्नच नाही. ठोकताना मार बाहेरच्या कड्यावरच. आतल्या कड्यावर एक हातोडा बसला तरी गोळ्यांनी खळगे पाडले समजा.

मग अलाइनमेंट बार, म्हणजे इंजिन आणि बेअरिंग एका रेषेत आहेत का बघायचा सरळ दांडा. त्याच्या टोकाला ग्रीस फासा आणि बेअरिंगमधून इंजिनाच्या कपलरमध्ये सरकवा. दोन बोटांनी आत गेला पाहिजे आणि दोन बोटांनीच बाहेर आला पाहिजे. अडला तर लगेच इंजिनाकडे धावू नका. बेअरिंगच तिरकं बसलेलं असू शकतं. बार बेअरिंगमध्ये ठेवून बाहेरच्या टोकाला वरून, खालून, दोन्ही बाजूंनी हलके टोले द्या, म्हणजे बेअरिंग सरळ होईल. पुन्हा सरकवा. तरी अडला तरच इंजिनाला हात लावायचा. इंजिनाचे मागचे माउंट पक्के असतात, वर-खाली होतात ते पुढचे. दोन्ही बाजूंचे नट सारखेच फिरवा, एका वेळी अर्धा फेरा, आणि बार घालून बघा. जास्त अडायला लागला तर उलट दिशेने जा. बाहेर काढल्यावर ग्रीसवर स्प्लाइनचे (कपलरच्या आतल्या खाचांचे) ठसे चारही बाजूंना सारखे हवेत. मग इंजिन हाताने पाव फेरा फिरवून पुन्हा तपासा, असं चारदा. बार हातोडीने आत घालणाऱ्याला बोटीजवळ उभं करू नका.

हे करताना बोट ओंडक्यांवर नीट टेकलेली असावी, विशेषतः ट्रान्समखाली (ड्राइव्ह लागतो त्या मागच्या भिंतीखाली). लटकलेल्या बुडावर घेतलेलं माप पाण्यात उतरल्यावर खोटं ठरतं.

दर सीझनला नवं बेअरिंग मागणारी एक बोट माझ्याकडे यायची. आधीच्या मेकॅनिकने अलाइनमेंट केलेलं असायचं, तेही बरोबर. इंजिनाखालच्या लाकडी आडव्यांवर हातोडीने टिचक्या मारल्या तर टणक आवाजाऐवजी भद भद आवाज आला. फायबरच्या आत लाकूड कुजलं होतं. इंजिन दरवेळी खाली बसायचं आणि बेअरिंगचा बळी जायचा. माउंट जुळवल्यावर काही महिन्यांत पुन्हा बिघडत असेल तर आधी हा ठोका ऐका.

पुन्हा बसवणं

नव्या ओ-रिंगा, स्प्लाइनला ग्रीस, गिअर फॉरवर्डलाच. ड्राइव्ह आत ढकलताना पंख्याचा शाफ्ट हळू फिरवत राहा, म्हणजे स्प्लाइन जुळतील. शेवटची इंचभर फट राहिली म्हणून नटांनी खेचून बसवायचं नाही. हाताने बसत नसेल तर स्प्लाइन जुळलेली नाही, गिअर बदलणारा शिफ्ट शाफ्ट अडलाय किंवा बेअरिंग तिरकं आहे. नटांनी ओढलं तर यापैकी काहीतरी मोडेलच. नीट टेकल्यावर सहाही नट आलटून पालटून ५० फूट-पाउंडाला, म्हणजे ६८ न्यूटन मीटरला आवळा. टॉर्क पान्यानेच, अंदाज नको.

पाण्यात उतरल्यावर अर्ध्या तासाने बिल्जमध्ये (बोटीच्या तळाच्या पोकळीत) हात घालून कोरडं आहे ना बघा, मग पुन्हा तीच फेरी: सरळ, डावीकडे पूर्ण, उजवीकडे पूर्ण. घरघर गेली पण शीळ उरली असेल, तर ती वरच्या गिअरची. तिथे शिम (पातळ धातूच्या चकत्या) लावून गिअरची फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागात जुळवावी लागते. मोजायची साधनं नसतील तर ड्राइव्ह उतरवून तसाच ती साधनं असलेल्याकडे न्या.