रुंद आणि लो-प्रोफाइल टायर बसवताना स्टेअरिंग कसे सांभाळावे

मोठी अलॉय रिम आणि रुंद टायर बसवले की वळणावर गाडी जास्त पकड धरते, हे खरे आहे. पण पुण्याच्या रस्त्यांवर हा फायदा रिम एक इंच वाढवण्यापर्यंतच पदरात पडतो. दोन इंच वाढवले तर स्टेअरिंगला जेवढी धार येते, त्याहून जास्त मार रिम आणि सस्पेन्शन खातात. म्हणून पैसे मोजण्याआधी हे क्रमाने करा.

१. आधी आकडेमोड

समजा गाडीला १८५/६५ आर १५ टायर आहेत. रुंदी १८५ मिमी, साइडवॉलची म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के म्हणजे १२० मिमी, रिम १५ इंची. पूर्ण चाकाचा व्यास झाला साधारण ६२२ मिमी. १९५/५५ आर १६ घेतले तर साइडवॉल १०७ मिमी आणि व्यास ६२१ मिमी. म्हणजे चाक तेवढेच राहिले. २०५/४५ आर १७ मध्ये व्यास ६१६ मिमी, पण साइडवॉल फक्त ९२ मिमी उरते. व्यासातला फरक दोन टक्क्यांच्या आत ठेवा, नाहीतर स्पीडोमीटर चुकीचा वेग दाखवतो.

२. स्टेअरिंगमध्ये नेमके काय बदलते

स्टेअरिंग फिरवले की आधी रिम वळते, मग साइडवॉल पिळली जाते आणि त्यानंतर रस्त्याला टेकलेला भाग वळतो. साइडवॉल आखूड असली की ही पिळण कमी होते, म्हणून गाडी लगेच ऐकते. ताम्हिणी किंवा खंबाटकीच्या वळणांवर हे चांगले जाणवते. मात्र उंच टायर पकड सोडण्याआधी ओरडतो, हळूहळू घसरतो आणि सावध होण्याइतका वेळ देतो. लो-प्रोफाइल म्हणजे आखूड साइडवॉलचा टायर बराच वेळ घट्ट धरून ठेवतो आणि सुटतो तेव्हा पटकन सुटतो. पकड वाढली म्हणून वळणावरचा वेग वाढवू नका.

टायर रुंद झाल्याने रस्त्याला टेकणारा ठसा आडवा वाढतो आणि लांबीला कमी होतो. हवा तेवढीच असेल तर ठशाचे क्षेत्रफळ फारसे बदलत नाही. पार्किंगमध्ये स्टेअरिंग थोडे जड लागते.

खरी कटकट सुरू होते ती ट्रकच्या चाकांनी डांबर दबून चाकोऱ्या पडलेल्या रस्त्यावर. कात्रज बायपाससारख्या जड वाहतुकीच्या रस्त्यांवर असे होते. रुंद टायरची एक कड चाकोरीच्या उतारावर चढते, दुसरी खालीच राहते. कडक साइडवॉल तो तिरका जोर पचवू शकत नाही, तो थेट स्टेअरिंगपर्यंत येतो आणि गाडी डावीउजवीकडे ओढते. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यावर रुंद टायर लवकर तरंगतो, कारण त्याला जास्त पाणी बाजूला सारावे लागते. कायद्याची मर्यादा १.६ मिमी असली तरी नक्षीची खोली ३ मिमीवर आली की टायर बदला.

३. रिम निवडताना

नाना पेठेत रिम पाहायला जाताना चार गोष्टी लिहून न्या: पीसीडी (नटांच्या भोकांमधून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास), मधल्या भोकाचा व्यास, रिमची रुंदी आणि ऑफसेट (रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या बाजूचे अंतर, मिमीमध्ये). १९५/५५ आर १६ ला ६ जे म्हणजे सहा इंची रुंदी योग्य आहे. मधले भोक हबपेक्षा, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या भागापेक्षा मोठे असेल तर मधली फट भरणारी हब रिंग घ्याच. ऑफसेट ४५ चा ३५ केला तर चाक १० मिमी बाहेर येते. दिसायला छान, पण खड्ड्यात एक चाक आदळले की स्टेअरिंग हातातून ओढले जाते आणि व्हील बेअरिंगवर ताण वाढतो. कंपनीच्या ऑफसेटच्या जवळच राहा.

४. टायरवरचे बारीक अक्षर

लोड इंडेक्स ८८ म्हणजे एका टायरवर ५६० किलो, ८७ म्हणजे ५४५. दरवाजाच्या खांबावरच्या स्टिकरपेक्षा कमी आकडा घेऊ नका. १९५/५५ आर १६ बऱ्याचदा ८७ मध्ये येतो, म्हणून ९१ असलेला एक्स्ट्रा लोड टायर मागा. आयएसआय खूण आणि चार आकडी उत्पादन तारीख पाहा: २३२५ म्हणजे २०२५ चा २३ वा आठवडा.

५. खडूची तपासणी

चाके बसवल्यावर पुढच्या टायरच्या खांद्यावर (नक्षी आणि साइडवॉल मिळतात त्या कडेवर) ओला खडू जाड फासा. चार माणसे बसवा, स्टेअरिंग दोन्ही टोकांना पूर्ण फिरवा आणि एका स्पीडब्रेकरवरून सावकाश जा. मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकवर किंवा स्ट्रटवर (सस्पेन्शनच्या उभ्या दांड्यावर) पांढरा ओरखडा दिसला तर टायर घासतो आहे. प्लास्टिक कापून जागा करून देणारे भेटतील. त्यांचे ऐकू नका, रिम बदला.

६. हवा आणि अलाइनमेंट

हवा सकाळी टायर थंड असताना तपासा. एक्स्ट्रा लोड टायरला कंपनीच्या आकड्यापेक्षा दोन ते तीन पीएसआय जास्त द्या. मग टायरवर आडवी खडूची रेघ मारून सपाट रस्त्यावर सरळ थोडे अंतर चालवा. रेघ मध्येच पुसली गेली तर हवा जास्त आहे, कडांना पुसली गेली तर कमी. हवा कमी ठेवून गाडी मऊ करायला जाऊ नका: खड्ड्यात साइडवॉल रिम आणि कडेमध्ये चिमटली जाते, आतले धागे तुटतात आणि बाहेर फुगा येतो. असा टायर दुरुस्त होत नाही.

अलाइनमेंटआधी टाय रॉड एंड (स्टेअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा) आणि लोअर आर्मचे (सस्पेन्शनच्या खालच्या दांड्याचे) रबरी बुश पाहून घ्या. ते सैल असतील तर मशिनवर आलेले आकडे दोन दिवसांत बिघडतात. रुंद टायरला टोची, म्हणजे चाके आत किंवा बाहेर वळलेली असण्याची, छोटी चूकही लगेच कळते. छापील रिपोर्ट मागा.

७. चालवून पाहा

ऐंशी ते शंभरच्या वेगात स्टेअरिंग थरथरले तर बॅलन्सिंग किंवा हब रिंगचा दोष आहे. गाडी एका बाजूला ओढत असेल तर पुढची दोन चाके डावीउजवीकडे अदलाबदल करा. एकाच दिशेने फिरणारे टायर असतील तर हे करू नका. ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरमध्ये आहे, तो दुकानदाराकडून बदलून घ्या. ओढ तिकडेच राहिली तर अलाइनमेंट पुन्हा करून घ्या. चाकाचे नट मॅन्युअलमधल्या टॉर्कनुसार आवळा आणि ५० ते १०० किलोमीटर झाल्यावर थंड चाकावर पुन्हा एकदा तपासा.