कँटोनीज बोलीतले दुहेरी अर्थ : ओळखायचे कसे, वापरायचे कधी

हाँगकाँगच्या रस्त्यावर कानावर पडणाऱ्या वाक्प्रचारांच्या दोन जाती आहेत. काहींत चित्र असतं, काहींत उच्चाराचा खेळ. चित्रवाले सोपे. 'छाउ याउ यु' म्हणजे स्क्विड परतणं, अर्थात नोकरीवरून काढणं. तापल्या कढईत स्क्विडची गुंडाळी होते. पूर्वी काम सुटलेला नोकरही वळकटी बांधून निघायचा. 'सिक निंग मुंग', लिंबू खाणं, म्हणजे नकार पदरी पडणं.

उच्चाराच्या खेळात बहुतेक जण फसतात, कारण बोलणारा पहिला अर्धा भाग म्हणून थांबतो. आपण नुसतं 'नाचता येईना' म्हणून थांबतो तसा. आधी चित्र शब्दशः डोळ्यांपुढे आणा, मग राहिलेला भाग मोठ्यानं म्हणा आणि त्याच उच्चाराचा दुसरा शब्द शोधा. 'वो साँग ताम चे', म्हणजे छत्री धरलेला भिक्षू. उत्तर : ना केस, ना आकाश. केस आणि कायदा दोन्ही 'फात', तेही एकाच सुरात (कँटोनीजमध्ये सूर, म्हणजे आवाजाचा चढउतार, बदलला की अर्थ बदलतो). म्हणून अर्थ होतो, ना कायद्याची चाड ना देवाची भीती. विद्वानाचा रुमाल पुस्तकं गुंडाळतो, 'पाउ स्यू'. पण 'पाउ' म्हणजे खात्री देणंही आणि 'स्यू' म्हणजे हरणंही, म्हणून 'हार पक्की'. जुगार खेळणाऱ्याजवळ पुस्तक नको, ते याचसाठी.

उच्चार देवनागरीतच टिपा. क-ख, त-थ, प-फ हा कँटोनीजमधला भेद रोमन लिपीपेक्षा इथे स्वच्छ दिसतो. 'चे'मधला च मात्र 'चमचा'तला. शेजारी १ ते ६ पैकी सुराचा आकडा हवाच. 'काउ' २ म्हणजे नऊ; 'काउ' १ ही पुरुषाच्या गुप्तांगावरची शिवी. इथे चूक झाली तर हसून सोडतीलच असं नाही.

क्रियापदाला हात लावू नका. 'फाँग फेइ केइ', विमान सोडणं, म्हणजे भेटायचं ठरवून न येणं. 'ता फेइ केइ', विमान पाडणं, म्हणजे हस्तमैथुन. पहिलं मित्रांत खुशाल चालतं. दुसरं समजण्यापुरतंच ठेवा.

हॉटेलात 'किउ काइ', कोंबडी मागवणं, एवढंच म्हटलं तर वेश्या बोलावणं असाही अर्थ निघतो. मध्ये प्रमाण घाला : 'किउ पुन चेक काइ', अर्धी कोंबडी.