अमेरिकेत ब्रँडचं औषध इन्शुरन्सकडून कसं मंजूर करून घ्यावं

माझी थायरॉइड ग्रंथी काढून टाकली त्याला आता बारा वर्षं झाली. तेव्हापासून रोज सकाळी उपाशीपोटी लेव्होथायरॉक्सिनची एक गोळी, आणि दर वर्षी त्या गोळीसाठी इन्शुरन्सशी पत्रव्यवहार. न्यू जर्सीतल्या आमच्या ओळखीच्या मराठी घरांतून कुणाच्या मुलाच्या, कुणाच्या नवऱ्याच्या औषधासाठी मला फोन येतात. त्या सगळ्यांना आधी कुणीतरी एकच सल्ला दिलेला असतो : "डॉक्टरांना प्रिस्क्रिप्शनवर 'डिस्पेन्स ॲज रिटन' (लिहिलंय तेच द्या) असं लिहायला सांगा, काम होईल."

तेवढ्यानं काम होत नाही. ती सूचना फार्मसिस्टसाठी असते. ती असली की फार्मसिस्ट ब्रँडऐवजी जेनेरिक (तेच औषध, ब्रँडच्या नावाशिवाय विकलेलं) देत नाही, आणि इन्शुरन्सकडे जाणारा क्लेम, म्हणजे बिल, कोड १ लावून जातो. पैसे द्यायचे की नाही हे इन्शुरन्स आपल्या नियमांनी ठरवतं. तुम्ही स्वतः काउंटरवर "मला ब्रँडचीच द्या" म्हणालात तर कोड २ लागतो. मग बहुतेक प्लॅनमध्ये कोपे (दर खेपेला तुम्ही भरायची ठरलेली रक्कम) आणि वर ब्रँड-जेनेरिकच्या किमतीतला सगळा फरक तुमच्या माथी येतो. काही प्लॅन तर कोड १ असला तरी हा फरक वसूल करतात. म्हणून काउंटरवर वाद घालू नका. मंजुरी आधी, ब्रँडचं औषध नंतर.

आधी बाटली बघा

जेनेरिकवर माझा राग नाही. १९८४च्या कायद्यानं इथे जेनेरिकची वाट मोकळी झाली, आणि त्यामुळेच कितीतरी लोकांना औषधं परवडतात. माझी रक्तदाबाची गोळी जेनेरिकच आहे. बऱ्याचदा त्रास जेनेरिकचा नसतोच, दर रिफिलला कंपनी बदलण्याचा असतो. बाटलीच्या लेबलवर उत्पादकाचं नाव असतं. मागच्या चार बाटल्या शेजारी ठेवून ते वाचा. ज्या कंपनीची गोळी मानवली तीच दर महिन्याला द्या, असं फार्मसीला सांगा. एक फार्मसी नाही म्हणाली तर दुसरी गाठा.

'ऑथराइज्ड जेनेरिक' आहे का, हेही विचारा. ही मूळ ब्रँडचीच गोळी असते, त्याच घटकांची, फक्त ब्रँडच्या नावाशिवाय विकलेली. एफडीए (अमेरिकेचं औषध नियामक खातं) तिची यादी प्रसिद्ध करतं. ती मिळाली तर पुढचं काहीच करावं लागत नाही.

इन्शुरन्सला फोन

दोनच गोष्टी विचारा. ब्रँड फॉर्म्युलरीत (प्लॅनच्या औषधांच्या यादीत) आहे का, असल्यास कुठल्या टियरवर, म्हणजे कुठल्या खर्चाच्या गटात? आणि ब्रँड 'मेडिकली नेसेसरी' (वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक) ठरवण्याचे निकष काय? निकष लेखी मागा. फोनचा रेफरन्स नंबर लिहून ठेवा.

पुरावा : सगळा खेळ इथे आहे

माझं पहिलं पत्र तीन ओळींचं होतं. रुग्णाला ब्रँडवर बरं वाटतं, जेनेरिकवर थकवा येतो, कृपया मंजुरी द्यावी. डॉक्टर भले, सही तत्परतेनं दिली. आठवड्याच्या आत नकार आला. 'बरं वाटतं' हे इन्शुरन्सकडून अर्ज तपासणाऱ्याच्या निकषांत कुठेच बसत नाही, हे मला तेव्हा कळलं नाही. मी तेच पत्र जरा जास्त कळवळ्यानं लिहून पुन्हा पाठवलं आणि पुन्हा नकार घेतला.

तपासणाऱ्यासमोर साधारण हे प्रश्न असतात : किती वेगवेगळ्या उत्पादकांची जेनेरिक घेऊन पाहिली, कुठल्या तारखांना, किती डोस, काय झालं, ते कशानं सिद्ध होतं, आणि ते एफडीएला कळवलं का. अनेक प्लॅन किमान दोन उत्पादकांची जेनेरिक घेऊन पाहिलेली असावी असं म्हणतात. म्हणून एका पानाचा तक्ता करा. एका रकान्यात उत्पादक, दुसऱ्यात सुरू केल्याची आणि थांबवल्याची तारीख, मग डोस, मग तपासणीचा आकडा, शेवटी लक्षणं. माझ्या तक्त्यात डोस एकच होता, ८८ मायक्रोग्रॅम. एका उत्पादकावर टीएसएच (थायरॉइडचा डोस बरोबर आहे का ते दाखवणारी रक्ततपासणी) ६.८, दुसऱ्यावर ०.२, ब्रँडवर सलग तीन वेळा एक ते दोनच्या मध्ये. हे आकडे बघितल्यावर वाद घालायला जागाच उरली नाही.

टीएसएच गोळी बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनीच तपासायचा. लेव्होथायरॉक्सिनचं अर्धायुष्य सुमारे सात दिवसांचं असतं, आणि टीएसएच स्थिरावायला त्याहून बराच वेळ लागतो. तिसऱ्या आठवड्यातला आकडा जोडलात तर तपासणारा तो बाजूला ठेवेल, आणि ते बरोबरच आहे. तुमचं औषध वेगळं असेल तर त्याला साजेसा मोजमापाचा पुरावा काय हे डॉक्टरांना विचारा : झटक्यांची नोंदवही, रक्तातली औषधाची पातळी, मुलाच्या एकाग्रतेच्या औषधासाठी शाळेतल्या शिक्षकांनी भरलेले फॉर्म.

आता माझी सगळ्यात महागात पडलेली चूक. हा पुरावा गोळा करत असतानाच मी पाच आठवडे पुण्याला गेले. गोळ्या संपल्या. भावानं कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून बाटली आणून दिली, मी घेतली. तब्येतीला काही झालं नाही, पण केसची पार वाट लागली. एक तर भारतातली बाटली म्हणजे तिसऱ्याच उत्पादकाची गोळी, त्यामुळे परतल्यावरचा टीएसएच कशाचा हे सांगता येईना. दुसरं, इन्शुरन्सकडे तुमच्या रिफिलच्या सगळ्या तारखा असतात. त्या महिन्यात रिफिल नाही हे त्यांना दिसलं, आणि नकारपत्रात आलं की रुग्ण औषध नियमित घेत नाही. मी एकही दिवस गोळी चुकवली नव्हती. ते सिद्ध करायला माझ्याकडे काहीच नव्हतं. तेव्हा भारतात जायच्या आधी 'व्हेकेशन ओव्हरराइड' (प्रवासासाठी जास्तीच्या गोळ्या एकदम घ्यायची इन्शुरन्सची परवानगी) मागा आणि पूर्ण मुक्कामाच्या गोळ्या इथूनच न्या. "भारतातून मागव, स्वस्त पडतं" हा सल्ला तर कानाआडच करा. टपालानं औषधं मागवणं इथल्या नियमांत सहसा बसत नाही, आणि तुमच्या तक्त्यालाही त्यानं भोक पडतं.

पत्रात तपासणाऱ्याच्या शंकांना आधीच उत्तर द्या. लेव्होथायरॉक्सिनच्या बाबतीत तो म्हणणार की कॅल्शियम, लोह, अँटासिड किंवा कॉफीमुळे गोळी नीट शोषली गेली नसेल. म्हणून स्पष्ट लिहून घ्या : गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, कॅल्शियम चार तासांनंतर, तिन्ही उत्पादकांच्या वेळी पद्धत तीच.

ॲलर्जीचं कारण देणार असाल तर आधी 'डेलीमेड' या सरकारी संकेतस्थळावर दोन्ही गोळ्यांचे निष्क्रिय घटक शेजारी ठेवून वाचा. माझ्या ओळखीच्या एका ताईंनी जेनेरिकमधलं लॅक्टोज सोसत नाही म्हणून सिंथ्रॉइड हा लेव्होथायरॉक्सिनचा ब्रँड मागितला. सिंथ्रॉइडमध्येही लॅक्टोज आहे. अर्ज तिथेच संपला. रंगाची ॲलर्जी असेल तर लेव्होथायरॉक्सिनची ५० मायक्रोग्रॅमची गोळी सहसा पांढरी, बिनरंगाची असते. तपासणारा म्हणणारच की ५०च्या गोळ्यांवर डोस जुळवा. तो जुळत असेल तर जुळवाच, ब्रँडसाठी भांडायची गरज नाही. टिरोसिंट ही लेव्होथायरॉक्सिनची कॅप्सूल जिलेटिन, ग्लिसरिन आणि पाणी यांत केलेली असते, म्हणून कुणीतरी ती सुचवतं. जिलेटिन प्राणिजन्य असतं, हे शाकाहारी घरांत आधी माहीत असलेलं बरं.

आणखी एक वाक्य पत्रात कधीही नको : "जेनेरिकमध्ये २० ते २५ टक्के कमीजास्त औषध चालतं." हे सर्रास सांगितलं जातं आणि ते चूक आहे. ८० ते १२५ टक्के ही मर्यादा चाचणीतल्या सरासरीच्या विश्वासमर्यादेला (खरी सरासरी ज्या पट्ट्यात असावी असं गणित सांगतं त्या पट्ट्याला) लावलेली असते, गोळीतल्या औषधाला नाही. एफडीएनं दोन हजारांवर चाचण्यांचा आढावा घेतला तेव्हा शोषणातला सरासरी फरक साडेतीन टक्क्यांच्या आसपास निघाला. पत्र वाचणारा बहुधा फार्मसिस्ट असतो. त्याला हे पाठ असतं, आणि ते वाक्य वाचलं की पुढच्या खऱ्या आकड्यांवरचाही त्याचा विश्वास उडतो. सगळी जेनेरिक वाईट असं म्हणूच नका. या रुग्णाला, या तारखांना, या उत्पादकांच्या गोळीवर हे झालं, एवढंच म्हणा.

एफडीएनंच एखाद्या गोळीबद्दल काही म्हटलं असेल तर मात्र ते ठळक जोडा. नैराश्यावरच्या बुप्रोपियन एक्सएलच्या ३०० मिलिग्रॅमच्या एका जेनेरिकला मान्यता देताना १५० मिलिग्रॅमच्या गोळीवरच्या चाचणीवरून अंदाज बांधला होता. लोकांच्या तक्रारींनंतर एफडीएनं ३०० मिलिग्रॅमवर चाचणी केली आणि २०१२ साली ती गोळी मूळ ब्रँड वेलब्युट्रिनशी समतुल्य नाही असं जाहीर केलं. २०१४ साली कॉन्सर्टा या एकाग्रतेच्या औषधाच्या दोन उत्पादकांच्या जेनेरिकचा दर्जा 'एबी'वरून (ब्रँडशी समतुल्य) 'बीएक्स' (समतुल्यतेचा पुरावा अपुरा) केला. हा दर्जा एफडीएच्या 'ऑरेंज बुक'मध्ये कुणालाही बघता येतो, आणि तो बघायला पाच मिनिटं लागतात.

या तक्रारी पोचतात त्या एफडीएच्या 'मेडवॉच' या तक्रारयंत्रणेतून. डॉक्टरांसाठी फॉर्म ३५००, रुग्णासाठी ३५००बी. बरेच प्लॅन भरलेल्या फॉर्मची प्रत मागतात. मागितली नाही तरी जोडा.

पत्राचा मसुदा तुम्हीच करून न्या. डॉक्टरांकडे तुमच्यासाठी दहा मिनिटं असतात, त्यांत चार उत्पादकांच्या तारखा त्यांनी शोधायच्या ही अपेक्षा रास्त नाही. तक्ता, मसुदा, रिपोर्ट एका फोल्डरमध्ये घाला आणि ऑफिसात प्रायर ऑथरायझेशनचं (इन्शुरन्सकडून आगाऊ मंजुरी घेण्याचं) काम करणाऱ्या व्यक्तीच्या हातात द्या. तिचं नाव लक्षात ठेवा, पुढची सगळी कामं तिच्याकडूनच होणार आहेत. डॉक्टर दुरुस्त्या करतील, लेटरहेडवर घेतील, सही करतील.

अर्ज

फॅक्स किंवा पोर्टलवरून डॉक्टरांचं ऑफिस पाठवतं, तुम्ही पोच मागून घ्या. ब्रँड फॉर्म्युलरीत नसेल तर मार्केटप्लेसच्या (सरकारी विमा-बाजारातून स्वतः घेतलेल्या) प्लॅनना ७२ तासांत, तातडीच्या प्रकरणात २४ तासांत उत्तर द्यावं लागतं. मेडिकेअर पार्ट डीचीही (ज्येष्ठांच्या सरकारी विम्यातला औषधांचा भाग) मुदत तीच, पण ती डॉक्टरांचं निवेदन पोचल्यापासून मोजतात.

निर्णय येईपर्यंत औषध बंद ठेवू नका. मिळेल ती गोळी डॉक्टरांना सांगून घ्या आणि तक्त्यात नोंदवा. निषेध म्हणून आठ दिवस गोळी न घेणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यानं इन्शुरन्सचं काही बिघडत नाही.

नकार आला तर

नकारपत्रात कुठला निकष पुरा झाला नाही ते लिहिलेलं असतं. उत्तर फक्त त्यालाच द्या. अपील बहुतेक खासगी प्लॅनमध्ये १८० दिवसांत करायचं असतं, मेडिकेअर पार्ट डीत ६५ दिवसांत. अपीलाआधी तुमची पूर्ण फाइल आणि वापरलेले निकष मागा. ते विनामूल्य मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे. नोकरीतून मिळालेल्या प्लॅनमध्ये अपील तपासणारा माणूस पहिल्या निर्णयातला किंवा त्याच्या हाताखालचा चालत नाही.

डॉक्टरांना 'पीअर-टू-पीअर' फोन (इन्शुरन्सच्या डॉक्टरांशी थेट बोलणं) करायची विनंती करा. फोनच्या वेळी तक्त्याचं पान त्यांच्या समोर असू द्या. माझी मंजुरी शेवटी अशाच फोनवर मिळाली.

खासगी प्लॅननं अपीलही फेटाळलं तर चार महिन्यांच्या आत बाहेरच्या, स्वतंत्र परीक्षणाची मागणी करता येते. नेहमीच्या प्रकरणात ४५ दिवसांत निकाल लागतो आणि तो इन्शुरन्सवर बंधनकारक असतो. इतक्या लांब यायचा लोकांना कंटाळा येतो. कंटाळू नका, हाच टप्पा इन्शुरन्सच्या हाताबाहेरचा आहे.

प्लॅन 'सेल्फ-फंडेड' आहे का हे एचआरला विचारून घ्या. असेल तर पैसे तुमची कंपनीच भरत असते, राज्याचं विमा खातं फारसं काही करू शकत नाही, आणि दाद केंद्राच्या कामगार खात्याकडे मागावी लागते. पण अशा वेळी एचआरच्या एका ईमेलनंही प्रकरण हललेलं मी पाहिलं आहे.

मंजुरीनंतर

मंजुरी सहसा वर्षाची असते. संपायच्या सहा आठवडे आधी नव्यानं अर्ज. टियर बघा, मंजूर झालं म्हणजे स्वस्त झालं असं नाही. ब्रँडच्या कंपनीचं कोपे कार्ड खासगी इन्शुरन्सवर चालतं, मेडिकेअर किंवा मेडिकेडवर (कमी उत्पन्नाच्या लोकांचा सरकारी विमा) चालत नाही, आणि काही प्लॅन कार्डावरची रक्कम डिडक्टिबलमध्ये (विमा लागू होण्याआधी वर्षाला तुम्ही भरायच्या रकमेत) धरत नाहीत.

नोकरी बदलली की इन्शुरन्स बदलतं आणि जुनी मंजुरी तिथेच संपते. निघण्याआधी जुन्या प्लॅनचं मंजुरीपत्र उतरवून घ्या, शेवटची रिफिल भरून घ्या. नव्या प्लॅनला पहिल्याच दिवशी मंजुरीपत्र, तक्ता आणि शेवटचे तीन टीएसएच पाठवा आणि सोबत 'ट्रान्झिशन फिल' (जुनं औषध तात्पुरतं चालू ठेवणारी रिफिल) मागा. नवा अर्ज चालू असताना निदान महिन्याच्या गोळ्या तरी हातात राहतात.