मामा, पिस्टन हलत नाही!

रात्री साडेनऊला भाच्याचा फोन आला. तो राखीव दलात आहे, नुकताच कोतवर, म्हणजे शस्त्रागारात, लागलाय. त्याच्याकडे अजून जुन्या एसएलआर रायफली आहेत, ईशापूरच्या कारखान्यातल्या. "मामा, एका रायफलीचा पिस्टन हलतच नाही. काय लावू?"

मी म्हटलं, आधी काय लावायचं नाही ते ऐक. आमच्या कोतमध्ये गोव्याचाच एक पोरगा होता, माझ्यासारखा. सुट्टीवरून येताना त्याने घरचं माडाचं विनेगर आणलं आणि गॅस प्लग, म्हणजे पिस्टनच्या सिलिंडरचं पुढचं बूच, रात्रभर त्यात बुडवून ठेवला. आई देवाची समई सोलांनी घासून लख्ख करते, मग हे का नाही होणार, असा त्याचा हिशोब. सकाळी फायरिंगने साचलेला कार्बन होता तिथेच होता, प्लगचा काळा थर मात्र उतरला होता. दोन दिवसांत त्यावर तांबूस गंज धरला. समई पितळेची, रायफल पोलादाची. आंबट पदार्थ गंजरोधक थर आधी खातो.

दुसरं, पॉलिश पेपर नको. पिस्टनचं डोकं सिलिंडरमध्ये नेमक्या मापाने बसतं. तुम्ही ते घासून चकचकीत केलंत की बाजूने गॅस निसटतो, आणि गेलेलं माप परत येत नाही. कार्बन जाळून काढायचा तर विचारही नको.

हा कार्बन इतका चिवट का? गोळी नळीतून पुढे गेली की थोडा गॅस एका बारीक भोकातून वर सिलिंडरमध्ये शिरतो आणि पिस्टनला मागे ढकलतो. येताना दारूची काजळी, शिसं, तांबं सगळं घेऊन येतो. दर राऊंडला पातळसा थर बसतो आणि पुढच्या राऊंडच्या उष्णतेने भाजून निघतो. ब्लँक राऊंड, म्हणजे बिनगोळीची काडतुसं, चालवले असतील तर हाल विचारू नका. त्यात कुणी हौसेने पिस्टनला तेल लावलं असेल तर तेल जळून लुकण होतं. भाच्याच्या रायफलीत हेच झालं होतं, पुसताना बोटांना कळतं.

कामाला बसण्याआधी मॅगझिन काढा, कॉक करा, चेंबरमध्ये डोळ्यांनी बघा, मग करंगळी घालून बघा. बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी हे कधी सोडलं नाही. दिवा किंवा विडी जवळ नको, कारण पुढे रॉकेल लागणार आहे. खिडकी उघडी हवी.

गॅस प्लगचा खटका दाबून पाव फेरा द्यायचा. मागून स्प्रिंगचा जोर असतो, म्हणून अंगठा वरून धरलेलाच हवा. एकदा माझा प्लग उडाला तो थेट पावसाच्या पाण्याच्या डबक्यात, आणि कोत हवालदाराने मला गुडघ्यावर बसून तो चिखलातून शोधायला लावला. प्लग फिरतच नसेल तर हातोडी उचलू नका. वरून रॉकेलचे चार थेंब सोडा आणि चहा पिऊन या. लागलं तर पुन्हा सोडा.

प्लग, पिस्टन आणि स्प्रिंग एका जुन्या टिनात रॉकेलमध्ये रात्रभर बुडवून ठेवा. सफाईचं तेल असेल तर ते आणखी चांगलं. रॉकेलने कार्बन विरघळत नाही. ते थर आणि धातूच्या मध्ये झिरपतं, मग थर सुटतो. घाई करणारा खरवडतो, थांबणारा पुसतो. सिलिंडर मात्र टिनात मावत नाही. त्यासाठी चिंदीची घट्ट सुरळी करा, रॉकेलमध्ये भिजवून आत सारा आणि रायफल नळी खाली करून कलती ठेवा, नाहीतर रॉकेल मागे बॉडीत उतरेल. लाकडावर सांडलं तर लगेच पुसा.

सकाळी पितळी ब्रश घ्या. त्यानेही न निघालेल्या कंगोऱ्यांसाठी मी जुन्या पंपाच्या स्टोव्हच्या पितळेतून एक पट्टी कापून ठेवली होती, नखाएवढी रुंद, तोंड तिरपं घासलेलं. पितळ पोलादाहून मऊ, त्यामुळे ओरखडा पडत नाही. काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीचंही असं हत्यार होतं, पण पुंगळ्यांचा हिशोब द्यावा लागतो, त्या भानगडीत पडू नका. पट्टी पिस्टनच्या डोक्यावर आडवी धरून हलकी फिरवा. थर आधी भुग्यासारखा येतो, मग एकदम पापुद्रा सुटतो, काजव्याच्या पंखाएवढा. जो सुटत नाही तो परत भिजत घाला. गॅसच्या भोकात खिळा किंवा ड्रिल घालू नका. भोक मोठं झालं की गॅस जास्त येतो आणि रायफल स्वतःलाच ठोकत राहते. तांब्याच्या वायरची एक तार पुरे.

सगळं कोरडं पुसा. मग स्प्रिंग न घालता नुसता पिस्टन सिलिंडरमध्ये सोडा, प्लग लावा आणि रायफल पुढे-मागे कलती करा. पिस्टन आपल्याच वजनाने सरकायला हवा, दोन्ही टोकांना टक् असा आवाज येत. अडखळला तर कुठे अडखळतो ते ऐका, कार्बन तिथेच आहे.

तेलाचं म्हणाल तर आमच्याकडे आषाढात हवेलाच पाणी सुटतं, कोरडा पिस्टन गंजायला आठवडा लागत नाही. म्हणून कोतमध्ये ठेवताना तेलाची चिंदी नुसती फिरवा. पण फायरिंगच्या आधी पिस्टन आणि सिलिंडर पुन्हा खडखडीत कोरडे करा. चिंध्या चुलीत टाकू नका, आणि पेज जेवायला बसण्याआधी साबणाने हात धुवा. त्या काळ्यात शिसं असतं.

दुसऱ्या दिवशी भाच्याने फोनवरच टक् टक् ऐकवलं. खूश होता. मी विचारलं, "रेग्युलेटर किती नंबरवर आहे?" तो गप्प. रेग्युलेटर म्हणजे जादा गॅस बाहेर सोडणारी फिरती कडी. कार्बन साचला म्हणून कुणीतरी ती बंदच्या बाजूला सरकवत नेलेली असते, म्हणजे पिस्टनला जास्त गॅस मिळावा. आता सिलिंडर साफ झाला आणि रेग्युलेटर तिथेच राहिला, तर रायफल लाथ मारेल आणि पुंगळ्या लांब फेकेल. तो आधी पूर्ण उघडा, रेंजवर आर्मररसमोर, म्हणजे हत्यारांच्या मिस्त्रीसमोर, एकेक घर बंद करत या, पुंगळी नीट बाहेर पडून पुढचा राऊंड चढायला लागला की वर आणखी एक-दोन घरं. तोवर ती रायफल ड्युटीला देऊ नको, असं सांगून मी फोन ठेवला.