धर्म मानवनिर्मित की अलौकिक : हा प्रश्न तपासायचा कसा

धर्म माणसाने घडवला की तो माणसापलीकडच्या एखाद्या सत्याचा आविष्कार आहे, हा प्रश्न घरात किंवा अभ्यासमंडळात निघाला की थोड्याच वेळात दोन तट पडतात आणि दोन्ही बाजू वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत राहतात. एकाच्या मनात कर्मकांड असते, दुसऱ्याच्या मनात ईश्वर, तिसऱ्याच्या मनात लहानपणापासून म्हटलेली प्रार्थना. म्हणून कोणताही पुरावा हाती घेण्याआधी आपण नेमके कशाबद्दल विचारत आहोत, ते कागदावर लिहावे. विधी आणि संस्था, ग्रंथ, साक्षात्काराचे अनुभव, आणि स्वतः ईश्वर किंवा परतत्त्व, या चारही गोष्टींचा उगम एकच असला पाहिजे असे नाही. एकीबद्दल मिळालेले उत्तर दुसरीला आपोआप लागूही पडत नाही.

ही फोड किती आवश्यक आहे, ते आपल्याच वैचारिक परंपरेत स्पष्ट दिसते. महात्मा फुले यांनी धर्मग्रंथ माणसांनी आणि बहुधा स्वार्थासाठी रचले असे ठामपणे मांडले, पण सर्वांना निर्माण करणारा निर्मिक त्यांनी नाकारला नाही. त्यांच्या निधनानंतर १८९१ साली प्रसिद्ध झालेले ‘सार्वजनिक सत्यधर्म’ हे पुस्तक या दोन्ही विधानांवर एकाच वेळी उभे आहे. वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या पूर्वमीमांसा दर्शनाच्या अनुयायांची, म्हणजे पूर्वमीमांसकांची भूमिका याहून निराळी होती. त्यांच्या मते वेद अपौरुषेय, म्हणजे ते कोणीच रचलेले नाहीत, ईश्वरानेही नाहीत. त्यांच्यातले थोर आचार्य कुमारिल भट्ट यांनी तर जगाचा कर्ता असलेल्या ईश्वराच्या कल्पनेविरुद्ध सविस्तर युक्तिवाद केला. तर्कशास्त्रावर भर देणाऱ्या न्याय दर्शनाच्या पंडितांना, म्हणजे नैयायिकांना मात्र वेद ईश्वरकृत वाटत. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह जो धम्म स्वीकारला, त्यात सृष्टिकर्त्या ईश्वराला स्थानच नव्हते. या भूमिका ओळीने मांडल्या की ‘मानवनिर्मित की ईश्वरनिर्मित’ हे दोनच पर्याय पुरेसे नाहीत हे लक्षात येते. चर्चेत भाग घेणाऱ्या प्रत्येकाने आपली भूमिका यांपैकी कोणाच्या जवळ जाते ते आधी सांगावे. निम्मे गैरसमज तिथेच मिटतात.

यानंतर ‘धर्म’ या अफाट विषयावर बोलणे थांबवून एकच उदाहरण निवडावे आणि ते शक्यतो आपल्या परिचयाचे असावे. मराठी वाचकासाठी पंढरपूरच्या विठ्ठलाइतके समृद्ध उदाहरण दुसरे नाही, कारण इथे शिलालेख आहेत, स्थलमाहात्म्ये आहेत, संतांचे अभंग आहेत आणि जिवंत उपासनाही आहे. ही साधने वाचताना एक शिस्त पाळावी : ज्या साधनावर काळाची नोंद आहे, ते आधी वाचावे आणि दंतकथा नंतर. होयसळ राजा सोमेश्वराच्या १२३७ सालच्या लेखात भीमेच्या काठी असलेल्या या देवाचा आणि पुंडरीकाचा उल्लेख आहे. १२७३ ते १२७७ या काळातल्या, चौऱ्याऐंशीचा लेख म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शिलालेखात देवस्थानाला दान देणाऱ्यांची नावे आणि दाने कोरली आहेत, आणि त्यांत यादव राजा रामचंद्र व त्याचा मंत्री हेमाद्री हेही आहेत. यावरून तेराव्या शतकात या देवस्थानाला राजाश्रय आणि मोठा दातृवर्ग होता एवढे निश्चित म्हणता येते. देव तिथे कधीपासून आणि कसा आला, हे मात्र हे लेख सांगत नाहीत. शिलालेख जे सांगत नाही ते त्याच्या तोंडी घालण्याचा मोह श्रद्धाळूंना होतो तसाच चिकित्सकांनाही होतो, म्हणून हा नियम दोघांनीही पाळायचा आहे.

पुढची पायरी अनुमानाची. लोकसंस्कृतीचे अभ्यासक रा. चिं. ढेरे यांनी विठ्ठल हा मुळात गवळी-धनगरांचा लोकदेव असून पुढे त्याचे वैष्णवीकरण झाले, अशी मांडणी केली, आणि तिला आधार म्हणून धनगरांच्या विठ्ठल-बिरदेव या जोडदेवांच्या उपासनेकडे लक्ष वेधले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पट्टणकोडोलीच्या यात्रेत ही जोडी आजही पूजली जाते. विठ्ठलाचे मूळ वीरगळात, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मारकशिळेत, शोधणारे अभ्यासकही आहेत, आणि शैव, जैन, बौद्ध अशा मूळांचेही दावे झालेले आहेत. मला ढेऱ्यांची मांडणी सर्वांत सबळ वाटते, कारण ती मूर्ती, कथा, भूगोल आणि चालू उपासना या चारही अंगांना एकत्र गुंफते. तरीही ती मांडणी आहे, कोरलेली नोंद नाही, आणि लिहिताना हा फरक पुसू नये.

आता कळीचा प्रश्न येतो. एखाद्या देवाचे रूप, नाव, कथा आणि पूजाविधी काळानुसार माणसांच्या हातून बदलत गेले हे सिद्ध झाले, तर त्यावरून देव नाही असे ठरते का? ठरत नाही. वारकरी म्हणेल की निराकार तत्त्वानेच भक्तांना पेलेल असे रूप घेतले आणि गवळ्यांना ते आधी दिसले, यात नवल ते काय. हे उत्तर इतिहासाने खोडता येत नाही. पण जे उत्तर कोणत्याही इतिहासाशी जुळवून घेता येते, त्याला त्या इतिहासाचा आधारही मिळत नाही, हे वारकऱ्यानेही मान्य करावे. उगमाचा प्रश्न आणि सत्यतेचा प्रश्न यांच्यातली ही भिंत दोन्ही बाजूंनी राखायची असते.

श्रद्धेच्या मानवी कारणांबद्दलचे सिद्धांत वाचतानाही हीच काळजी घ्यावी. माणूस स्वतःचेच उत्तम गुण आकाशात प्रक्षेपित करतो असे जर्मन तत्त्वज्ञ फॉयरबाखने १८४१ साली म्हटले. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खीमने १९१२ साली समाज स्वतःच्याच सामूहिक शक्तीची पूजा करतो असे मांडले. अलीकडचे बोधविज्ञान, म्हणजे मन कसे जाणते आणि विचार करते याचा अभ्यास, सांगते की झुडपातल्या सळसळीमागे कोणीतरी आहे असे पटकन मानणारे मन जगण्यासाठी उपयोगी होते, आणि तेच मन वादळात, रोगात, स्वप्नात अदृश्य कर्ता शोधते. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की या शेवटच्या विचाराचे एक प्रमुख प्रवर्तक जस्टिन बॅरेट हे स्वतः श्रद्धावान ख्रिस्ती आहेत, म्हणजे एकाच निष्कर्षाचे दोन अर्थ लावता येतात. येथे स्वतःला एकच प्रश्न विचारावा : ईश्वर नसता तरीही ही श्रद्धा अशीच पसरली असती का? उत्तर होकारार्थी असेल, तर श्रद्धा खोटी ठरत नाही, परंतु ‘इतके लोक मानतात म्हणजे काहीतरी असलेच पाहिजे’ हा युक्तिवाद गळून पडतो. माझ्या मते उगमाच्या अभ्यासाचे खरे वजन एवढेच आहे, आणि ते कमी नाही.

काही दावे मात्र थेट तपासता येतात, आणि तसे तपासणे हा श्रद्धेचा अपमान नव्हे. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो ही वार्ता देशभर पसरली तेव्हा वैज्ञानिकांनी रंगीत दूध वापरून दाखवले की चमच्यातले दूध पृष्ठताणामुळे ओढले जाते आणि मूर्तीवरून पातळ थराने खाली ओघळते. प्रार्थनेबद्दलचा एक मोठा प्रयोग २००६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यात हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झालेले १८०२ रुग्ण होते. आपल्यासाठी प्रार्थना होते आहे की नाही हे ज्यांना माहीत नव्हते, त्यांच्यातल्या प्रार्थना झालेल्या गटात ५२ टक्क्यांना आणि न झालेल्या गटात ५१ टक्क्यांना गुंतागुंत झाली. आपल्यासाठी नक्की प्रार्थना होते आहे असे ज्यांना सांगितले होते, त्यांच्यात हे प्रमाण ५९ टक्के निघाले. या प्रयोगाने अनोळखी माणसांनी दुरून केलेल्या प्रार्थनेच्या शारीरिक परिणामाची तपासणी केली. प्रार्थना करणाऱ्याला मिळणारे धैर्य किंवा शांती त्याच्या कक्षेतच नव्हती. असा दावा तपासताना कोणता निकाल लागला तर आपण दावा चुकला असे मानू, हे प्रयोगापूर्वी ठरवून लिहावे. नंतर ठरवले की प्रत्येक निकाल आपल्या बाजूचा वाटू लागतो.

साक्षात्काराच्या अनुभवाबाबत अधिक सावध राहावे लागते. संतांना काहीच अनुभव आला नाही, ते सारे ढोंग होते, असे म्हणणे पुराव्याच्या दृष्टीनेही दुबळे आहे, कारण आयुष्यभर निंदा आणि दारिद्र्य सोसून जपलेले ढोंग पटण्यासारखे नाही. पण अनुभव प्रामाणिक असणे आणि त्याचा लावलेला अर्थ खरा असणे या निराळ्या गोष्टी आहेत. पंढरीच्या भक्ताला विठ्ठल दिसतो आणि स्पेनमधल्या जोगिणीला ख्रिस्त. विविध परंपरांतले असे अनुभव शेजारी ठेवून त्यांत समान काय आणि स्थानिक काय, याची दोन स्तंभांत नोंद करावी. स्थानिक भाग संस्कारातून आला असे मानायला सबळ कारण आहे. समान भाग मानवी मेंदूच्या सारखेपणातून आला की एकाच सत्याच्या स्पर्शातून, हे नुसत्या नोंदींवरून ठरत नाही.

शेवटी आपला निष्कर्ष एका वाक्यात न लिहिता प्रत्येक विधानापुढे आपली खात्री किती आहे ते नोंदवून लिहावा. विठ्ठलाबाबत माझी नोंद अशी आहे : तेराव्या शतकातले भरभराटीचे देवस्थान ही निश्चित गोष्ट, त्यामागचे गवळी-धनगरी मूळ संभाव्य, विधी आणि कथा माणसांनी घडवल्या हे जवळजवळ निश्चित, आणि त्या घडणीपलीकडे उपासकाला प्रतिसाद देणारे कोणी आहे हे माझ्यापुरते असिद्ध. दुसऱ्या अभ्यासकाची शेवटची नोंद वेगळी असू शकेल, परंतु पहिल्या तिन्हींबद्दल मतभेद असेल तर त्याने शिलालेख, मूर्ती किंवा उपासनेतला पुरावा समोर ठेवावा, आणि चौथीबद्दल असेल तर आपण कोणते प्रमाण मानतो, प्रत्यक्ष अनुभव, अनुमान की शब्द (म्हणजे विश्वासार्ह ग्रंथ किंवा व्यक्तीचे वचन), हे आधी सांगावे.